मानसिंग हवालदाराचे नाल

मलकापुरात त्या काळी दोन विषयांवर बोलायला कुणाची परवानगी लागत नसे. एक कोयनेचं पाणी आणि दुसरा मानसिंग हवालदाराचा उजवा पाय. पाण्यावर कितीही बोललं तरी नदी तेवढीच राहायची. पायावर बोललं की मात्र गोष्ट वाढत जायची, आणि ती वाढवण्यात सगळ्यात मोठा हात खुद्द हवालदाराचा असायचा.

लढाई संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात मानसिंग इटलीहून परत आला. उंच, छाती पुढं, मान ताठ, आणि चालताना उजवं पाऊल जरासं बाहेर फेकायची लकब. गावानं पहिल्याच दिवशी विचारलं, "पायाला काय झालं रं?" तो म्हणाला, "जर्मन तोफेचा गोळा." एवढ्यावर थांबला असता तर मला आज हे लिहायची वेळ आली नसती. पण पाऊस सुरू झाला तेव्हा तो गोळा त्याच्यापासून शंभर पावलांवर पडला होता. दसऱ्याला दहा पावलांवर आला. संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता पाहावं, तर गोळा आणि हवालदार एका ताटात जेवायला बसल्यासारखे जवळ आलेले.

गावाच्या तोंडाशी हमरस्त्याला लागून एक चिंच होती. तिच्या सावलीत अर्जुना चांभार ऐरण आणि आरी घेऊन बसायचा, आणि आम्ही बिनकामाची माणसं चिंचेच्या मुळांवर. अर्जुना कामाचा आणि आम्ही बोलण्याचे, अशी वाटणी होती. हवालदार रोज दुपारी तिथं यायचा आणि कुठल्याही विषयात "आमच्या पलटणीत" म्हणून शिरायचा. चहा पातळ झाला, तर आमच्या पलटणीत चहात चमचा उभा राहायचा. कुणाचा बैल लंगडला, तर आमच्या पलटणीत लंगडा बैल दुसऱ्या दिवशी कवायतीला यायचा. एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकं लांबवली तेव्हा हा भर मांडवात म्हणाला, "आमच्या पलटणीत अक्षता हुकमावर पडत्यात. एक-दोन-टाक!" त्या दिवसापासून गावाला वाटायला लागलं, की या पलटणीचं काहीतरी केलं पाहिजे.

ते 'काहीतरी' जयपाळच्या रूपानं आलं. खरं नाव जयपाल. पण मलकापुरात कुठलं नाव सरळ राहतं?

जयपाल सांगलीचा, हळदीचा व्यापारी. जातीनं जैन, अंगानं काडी. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी सायकलवर यायचा, कराडात पाहुण्यांकडं मुक्काम करायचा, बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत हळदीचे नमुने दाखवायचा, आणि एकच्या सुमाराला सांगलीला निघायचा. चाळीस मैल. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटर वाटेत कुठं गुदमरेल याचा नेम नसायचा. जयपालचा नेम कधी चुकला नाही. कारण सूर्य बुडाला की त्याला जेवण वर्ज्य. दिवस मावळायच्या आत घरी ताटावर बसायचंच, नाही तर सकाळपर्यंत उपाशी. त्यामुळं पायात साधी कातडी वहाण, ती पण पायडलावर मध्येच आडवी ठेवलेली, आणि पोटात भूक, एवढ्या भांडवलावर तो माणूस वाऱ्यासारखा जायचा.

एका बाजाराच्या दिवशी तो वहाणेचा अंगठा शिवून घ्यायला चिंचेखाली थांबला. हवालदारानं त्याच्या सायकलीकडं पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पायडलावर पाय कसा ठेवतोस रं तू? तळव्याच्या मधोमध? आमच्या पलटणीत असा पाय ठेवला असता तर..."

"हवालदार," जयपाल म्हणाला, "मला फलटण ठावं न्हाई. सहा वाजता ताट ठावं हाय."

आता काडी कुणी टाकली ते विचारू नका. या वयात खोटं बोलवत नाही आणि खरं बोलायची सवय नाही. कुणीतरी म्हणालं, "हवालदारसाब, मग तुमी दाखवा की जाऊन. जयपाळशेठच्या आधी सांगलीत पोचून दाखवा."

"आधी? त्यांचं ताट वाढून ठेवीन!"

"आन् न्हाई पोचला तर?"

"मागा काय मागायचं ते."

तेव्हा चिंचेखालच्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. इतकं एकमत गावात नंतर कधी झालं नाही. मागणं एकच होतं: हवालदार हरला तर या चिंचेखाली, या गावात, 'आमच्या पलटणीत' हे दोन शब्द जन्मात पुन्हा काढायचे नाहीत.

हवालदाराचा चेहरा एकदम उतरला. मी नीट पाहिलं. आम्हाला गंमत होती, पण त्याला शेती नावापुरती, पोरबाळ नाही, आणि बारा वर्षं घराबाहेर काढून आणलेली कमाई म्हणजे ते दोन शब्द. तेवढे काढून घेतले की मानसिंग आणि चिंचेचं मूळ यांत फरक काय राहिला? पण मागं सरायचं कसं? त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मंजूर."

"मी काय शर्यत लावत न्हाई हं," जयपाल वहाण पायात सारत म्हणाला. "मी आपला घरला जातोय. कुणाला मागं यायचं असंल तर या." पुढच्या बाजाराचा दिवस ठरला. जो जयपालच्या उंबऱ्याशी आधी पोचेल तो जिंकला. आणि साक्ष जयपालचीच, कारण तो खोटं बोलत नाही हे हळदीच्या व्यापारात असूनही सगळ्यांना मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं ट्रंक उघडली. आतून निघाली दातेरी पोलादाची दोन पायडलं, त्यांच्यापुढं लोखंडी पट्ट्यांचा एकेक पिंजरा, पिंजऱ्यातून ओवलेले कातडी पट्टे, आणि खाच पाडलेले लोखंडाचे दोन चपटे तुकडे. इटलीत एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला कांबळं देऊन ते सगळं घेतल्याचं त्यानं सांगितलं. तिकडचे शर्यतवाले म्हणे बुटाच्या तळव्याला हे तुकडे ठोकतात. खाच पायडलाच्या पात्यावर बसते, पंजा पिंजऱ्यात जातो, वरून पट्टा आवळायचा. मग पाय घसरत नाही, खालीही दाबता येतं आणि वरही ओढता येतं.

"म्हंजे नाल की," अर्जुना म्हणाला. आणि नालच नाव पडलं.

पायडलं बसवण्यात एक सकाळ गेली. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो हे सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण हवालदाराला सांगणार कोण? तो घाम गाळत डावं पायडल सैल करण्याऐवजी घट्ट करत राहिला. आम्ही मुळांवर बसून "जोर लावा, साब" म्हणत राहिलो. शेवटी पान्हा त्याच्या हातून सुटून उलटा फिरला, पायडल आपोआप ढिलं झालं, आणि तो म्हणाला, "बघा, आमच्या पलटणीत असंच काढायचे."

मग नालांची पाळी आली. अर्जुनानं लष्करी बुटांच्या तळव्याचे गोल खिळे आधी उपटून काढले, कातडं रापीनं तासून सारखं केलं आणि म्हणाला, "साब, माझं ऐका. चार दिस ह्ये बूट घालून नुसतीच सायकल चालवा. पायडलाचे दात तळव्याला आपसूक वळ उठवतील. वळ जितं, नाल तितं. पाय आपली जागा आपून सांगतो."

"तो इटलीचा म्हाताराबी असंच कायतरी हातवारे करून दाखवत हुता," हवालदार म्हणाला. "बूट उलटा करून वळ दाखवायचा. पण ते मुलकी लोक, अर्जुना. त्यांना शिस्त न्हाई. मी सांगतो तसं ठोक."

हवालदारानं जमिनीवर एक फळी टाकली, तिच्यावर बूट घालून उभा राहिला आणि स्वतःच स्वतःला हुकूम सोडला, "साऽऽव-धान!" टाचेला टाच भिडली. दोन्ही पंजे बाहेर, मधे तीस अंशाचा कोन. रस्त्यानं जाणारी एक शेळी दचकून थांबली.

"आता फळीच्या कडंला धरून दोन्ही बुटांवर सरळ रेघ मार. त्या रेघेवर नाल. माणसाचा पाय येकदा सावधानमधी बसला की तीच त्याची खरी जागा."

"साब, सायकलीवर कोण सावधान बसतंय व्हय?" अर्जुना हळूच म्हणाला. "आन् तुमचा उजवा पाय तर..."

"काय माझा उजवा पाय?"

"काय न्हाई," अर्जुना म्हणाला आणि रेघ मारली. त्यानं एक गोष्ट मात्र मनाजोगी केली. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा मोठा गोळा असतो आणि करंगळीच्या मुळाशी बारका. बोटांनी चाचपून त्या दोहोंच्या मधोमध त्यानं नाल धरला. पुढं-मागं जागा बरोबर पडली. वाकडं गेलं ते फक्त तोंड.

संध्याकाळी हवालदार कोयनेच्या पुलापर्यंत चक्कर मारायला निघाला. तो नजारा मी जन्मात विसरणार नाही. नालांनी दोन्ही पाय सावधानमध्ये घट्ट धरलेले, त्यामुळं गुडघे बाहेर आणि टाचा आत. पुढून पाहावं तर बेडूक सायकल चालवतोय. टाचा क्रँकच्या दांड्यांवर आपटत होत्या, टक्-टक्, टक्-टक्. हवालदार दिसायच्या आधी ऐकू यायचा. तरी पठ्ठ्याची मान ताठ. जाऊन परत आला. चिंचेजवळ येतोय तोवर माझ्या हातून एक चूक झाली. मी उभा राहिलो आणि कडक सलाम ठोकला, "राम राम, हवालदारसाब!"

सलामाला सलाम न देणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं ब्रेक दाबला, उजवा हात कपाळाला नेला आणि पाय खाली टेकायला गेला. पाय कुठला निघतोय? पट्टा आवळलेला, नाल पात्यात रुतलेला. सायकल उभी, हवालदार उभा, सलाम उभा. आणि मग ते सगळं एकत्र, तोडलेल्या निलगिरीसारखं, सावकाश डावीकडं कललं आणि आडवं झालं. पडल्यावरसुद्धा हात कपाळालाच होता.

"रस्ता खराब हाय," तो पडल्या पडल्या म्हणाला. आम्ही "व्हय, लय खराब" म्हणत चिंचेकडं तोंड करून हसलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हसू मावळलं. पडल्यानं कोपर सोललं होतं ते राहिलं बाजूला, उजवा गुडघा आतल्या अंगानं नारळाएवढा सुजला होता. तीन मैल गेलेल्या माणसाची ही गत, तर चाळीस मैलांत गुडघा उरला असता का? शर्यत पाच दिवसांवर. त्यातही जिद्द अशी, की नाल काढायचे नाहीत. नाल चुकले म्हणायचं म्हणजे सावधान चुकलं म्हणायचं. आणि सावधान चुकलं, तर पलटणीचं राहिलं काय?

यापुढचा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण हवालदाराच्या अंगणाला लागून शालूबाईचं परस होतं आणि मधली भिंत माणसाच्या कानाएवढ्या उंचीची होती. शालूबाईनं जे सांगितलं त्यात एक अक्षर कमी नाही; जास्त असेल तर ते तिचं.

हवालदाराची बायको अंबूबाई. तिनं त्या सकाळी अंगण शेणानं गुळगुळीत सारवलं होतं. सारवण ओलं असेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा तिचा कायदा. लष्करी कायद्याहून कडक. हवालदार गुडघ्याला शेकलेलं एरंडाचं पान बांधून सोप्यात बसला होता. अंबूबाई आत गेली, ह्याला परसाकडं जायची निकड लागली, आणि तो अनवाणी त्या ओल्या अंगणातून झपाझप जाऊन तसाच परत आला. अंबूबाई बाहेर येते तर तिच्या सारवणावर पावलांची दुहेरी रांग.

"आवं, डोळं फुटलं का तुमचं? आत्ता सारवलंय न्हवं मी! का हितंबी जर्मन हायती, पळत सुटायला?"

तेवढ्यात अर्जुना काल पडताना तुटलेला पायडलाचा पट्टा शिवून द्यायला आला. त्यानं अंगणाच्या कडेलाच बैठक मारली आणि पावलांकडं टक लावून बघायला लागला.

"आक्का, वरडू नगा. आन् ह्ये लगीच बुजवू नगा."

"का? पूजा घालायची काय?"

"फळीवर साब सावधान हुतं. हितं त्यांना घाई हुती. घाईत माणूस खरा चालतो."

त्यानं गवताची काडी घेतली आणि एकेका पावलाच्या टाचेपासून मधल्या बोटापर्यंत धरून पाहिली. डावं पाऊल जवळजवळ सरळ. उजवं दोन बोटं बाहेर, आणि त्याची बाहेरची कड सारवणात खोल रुतलेली, आतली नुसती टेकलेली. अर्जुना डोकं खाजवत राहिला.

"साब, डाव्याचं जमलं. उजव्याचं येक इचारायचं हाय. रागावू नगा."

"इचार."

"गोळ्याचा तुकडा पायात अजून हाय, का काढला? हाडात लोखंड असंल, तर मी त्या अंगाला भार येऊ देणार न्हाई. आन् वरनं वजन पडून पाऊल दबलं असंल, तर बुटात आतनं करंगळीकडं कातड्याची चकती घालून त्ये उचलीन, मग नाल मारीन. येकाचा विलाज दुसऱ्याला केला तर पाय कायमचा जाईल. म्हणून खरं सांगा."

शालूबाई म्हणाली, की भिंतीपलीकडं ती सुपात ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

बघा, कसा अडकला माणूस! पलटणीची गोष्ट वाचवायची तर शर्यत जिंकायला हवी. शर्यत जिंकायची तर पाय नीट बसायला हवा. आणि पाय नीट बसवायचा तर गोष्ट मोडायला हवी.

"तुकडा न्हाई," हवालदार शेवटी म्हणाला.

"मग?"

"गोळाच न्हाई, अर्जुना. खेचर हुतं."

सूप पुन्हा सुरू झालं. पण आता त्यात ज्वारी नव्हती, सगळी खाली सांडली होती.

"मी खेचरांच्या कंपनीत हुतो. डोंगरावर दारूगोळा न्यायचं काम. पलटण पुढं असायची, आमी मागनं. त्यातली येक मादी खेचर माझ्या पायावर हुबी राहिली. लय येळ."

अंबूबाईनं कपाळावर हात मारला नाही की रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय."

"तुला? कुणी सांगितलं?"

"आवं, झोपंत तुमी 'पाय काढ गं बये, पाय काढ' म्हणून वरडता. जर्मनाला कोण बये म्हणतंय?"

अर्जुना हसला नाही. पायावर वजन पडलं होतं हे कळल्याबरोबर त्याचं काम मोकळं झालं. त्यानं दोन्ही नाल उपटले, अंगणातल्या काडीच्या मापानं नवी रेघ मारली, उजव्या बुटात करंगळीकडं पातळ कातड्याची चकती चिकटवली. दोनच खिळ्यांवर नाल धरून हवालदाराला अंगणात सायकलवर बसवलं, भिंतीला हात टेकवून पायडलं उलटी फिरवायला लावली, गुडघा सरळ वर-खाली होतोय का पाहिलं, नाल मुगाच्या दाण्याएवढा सरकवला, पुन्हा पाहिलं. मग बाकीचे खिळे मारले. आणि वर ताकीद दिली: "पट्टा लय आवळू नगा. थांबायच्या आधी हातानं ढिला करायचा, मग टाच उचलायची. आन् कुणी सलाम घातला तर नुस्ती मान हलवा."

माध्यान्हीपर्यंत सगळ्या मलकापूरला खेचर कळलं. पण कुणी ओठ हलवला नाही. असली बातमी लगेच खर्चायची नसते. शर्यत होऊ दे, हवालदार हरून येऊ दे, नाहीतर जिंकून येऊ दे आणि पुन्हा "आमच्या पलटणीत" म्हणू दे, मग भर चिंचेखाली विचारायचं म्हणून मी एक प्रश्न तयार केला होता: "हवालदारसाब, त्या गोळ्याला पाय किती हुते?" तो मी पाच दिवस घासून पुसून ठेवला होता. रानात, विहिरीवर, कुठंही आठवला तरी मला एकट्याला हसू यायचं.

बाजाराच्या दिवशी एक वाजता दोघं निघाले. जयपालनं हळदीच्या पिशव्या दांडीला बांधल्या, मनात काही पुटपुटला आणि पायडल मारलं. हवालदारानं पंजे पिंजऱ्यात सारले. आम्ही कान लावले. टक्-टक् नाही. गुडघे सरळ, वर-खाली, तेल घातलेल्या यंत्रासारखे. मी सवयीनं सलाम ठोकला. त्यानं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार परत आला तो मागच्या वाटेनं. चिंचेखाली आलाच नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या नाही. आम्ही काय ते समजलो. हरला. अंबूबाईला पाणवठ्यावर बायकांनी विचारलं तर म्हणाली, "मला काय सांगत न्हाईत. बसत्यात आन् त्या बुटाकडं बघत्यात." दुपारी चिंचेखाली फार शांतता असायची. इतकी, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती नकोशी वाटायला लागली. पातळ चहा पातळच राहायचा. कुणी काही बोललं की पुढं कुणी तोडायलाच नाही.

पुढच्या बाजाराला जयपाल आला. आम्ही त्याला सायकलवरून उतरूही दिलं नाही.

"काय झालं शेठ?"

"व्हायचं काय? इस्लामपूरपतूर मी म्होरं. हवालदार मागनं, पण दम लागलेला न्हाई. मी पाणी गाळून प्यायला थांबलो, तर तेबी थांबले. म्हटलं जावा की म्होरं. तर म्हणाले, पाणी पिणाऱ्याच्या म्होरं जाऊन जिंकायचं न्हाई. आष्ट्यापासनं मग दोघं बरोबर. सांगलीच्या आयर्विन पुलावर त्यांनी जे पायडल मारलं म्हणता! मी बघतच राहिलो. माझ्या दारात पोचले, पट्टे सोडून उतरले, आन् आमच्या मंडळींना, गुणमालेला, म्हणाले, 'ताई, पाणी द्या, आन् शेठचं ताट वाढा, ते आलेच.' माझं घर कांदा न चिरणारं, न्हाईतर म्हटलं असतं कांदा चिरायला लागतो तेवढाच येळ. भेंडी म्हणा. तेवढ्यानं मी हरलो."

"म्हंजे हवालदार जिंकले?"

"मग सांगतोय काय!"

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. रस्त्यापलीकडून हवालदार येत होता. उजवं पाऊल जरासं बाहेर, नेहमीसारखं. तो येऊन आपल्या जागेवर बसला. जिंकलेला माणूस. आता जन्मभर त्याला कुणी अडवू शकणार नव्हतं. मी माझा प्रश्न जिभेच्या टोकावर आणून ठेवला.

त्यानं घसा साफ केला. "आमच्या पलटणीत..."

मी तोंड उघडलं.

"...न्हाई," तो म्हणाला. "पलटणीत न्हाई. आमच्या खेचरांच्यात. येक खेचर हुतं. ठकी तिचं नाव."

मी तोंड मिटलं.

"डोंगराची कड. पाऊस, चिखल, खाली दरी. म्होरं चार खेचरं, चार माणसं, मग मी आन् ठकी. कुठंतरी लांब गोळा फुटला. लय लांब. ठकी बिथरली आन् तिनं पाय टाकला तो माझ्या पायावर. वर दोन मण दारूगोळा. मी मारली, शिव्या घातल्या, पाया पडलो. हलंना. तेवढ्यात म्होरल्या वळणावरची वाट ढासळली. ती चार माणसं गेली. मी राहिलो, कारण माझा पाय ठकीच्या खुराखाली हुता." त्यानं उजवं पाऊल जवळ ओढून घेतलं. "चार गेली त्यात आपल्याकडचं येक पोरगं हुतं, माण तालुक्यातलं. आता सांगायचं काय? खेचरानं तुडवलं म्हणून वाचलो? म्हणून म्हटलं गोळा."

जयपालची वहाण शिवता शिवता अर्जुनाची आरी थांबली होती. मग कुणीतरी, बहुतेक मीच, विचारलं, "मग त्या ठकीचं म्होरं काय झालं?"

चुकलं माझं. त्या प्रश्नाची शिक्षा मलकापुरानं पुढं वीस वर्षं भोगली. पलटणीच्या गोष्टी मोजून तीन होत्या. ठकीच्या निघाल्या चाळीस. ठकी मिठाच्या पोत्यावर कशी बसली, ठकीनं गोऱ्या साहेबाची टोपी कशी खाल्ली, ठकीला पाऊस आधी कसा कळायचा. आणि त्या खऱ्या असल्यामुळं आम्हाला त्यांत एकही खोड काढता येईना.

जयपालनं त्याच दिवशी अर्जुनाला आपल्या वहाणांना नाल मारायला सांगितलं. अर्जुना म्हणाला, "आधी अंबूआक्काच्या अंगणात घाईनं चालून या." पुढं आठ-पंधरा दिवसांत सायकल असलेली, नसलेली, निम्म्या गावची पावलं त्या सारवणावर उमटली. शेवटी अंबूबाईनं अंगणाच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकली आणि रोजचं सारवण हवालदाराच्या गळ्यात घातलं. तो ते करायचा. टाचेला टाच न लावता, उजवं पाऊल बाहेर टाकून, निवांत.

माझा तो प्रश्न मात्र वायाच गेला. इतका घासलेला, इतका टोकदार. अजून तो माझ्याकडं तसाच पडून आहे, आणि ज्याला विचारावा असा माणूस काही भेटत नाही.